काउंटी हंगाम २०२५: नॉटिंगहॅमशायर विजेते, लेस्टर वर, डरहॅम खाली. आणि ऑगस्टचं काय?

ट्रेंटकाठ
२९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१०

नॉटिंगहॅमशायर इंग्लंडमधल्या चार दिवसांच्या काउंटी स्पर्धेचं चॅम्पियन झालं! २०१० नंतर पहिल्यांदा, एकूण सातव्यांदा. सरेने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी ओळीने तीन वर्षं ही स्पर्धा खिशात टाकली होती, आणि यंदाही तेच जिंकणार असं भल्याभल्यांनी गृहीत धरलं होतं. आशिया चषकाच्या धाग्यावर काल रात्रीपासून मुंगीला शिरायला जागा नाही, तिथे ही चर्चा वाहून जाईल म्हणून वेगळा धागा काढतोय.

सप्टेंबरच्या मध्यात ओव्हलवर सरे विरुद्ध नॉटिंगहॅमशायर हा सामना झाला, तोच खरा अंतिम सामना. चार दिवस कधी इकडे तर कधी तिकडे झुकत शेवटी नॉटिंगहॅमशायरने तो २० धावांनी जिंकला. त्यानंतर घरच्या मैदानावर, ट्रेंट ब्रिजवर, वॉरिकशायरविरुद्ध बोनस गुणांची बेरीज पूर्ण करायची होती, ती झाली.

नवीन लोकांसाठी गुणांचा हिशेब सांगतो. सामना जिंकला की १६, अनिर्णित राहिला तर ८. शिवाय पहिल्या डावात ११० ओव्हरच्या आत २५०, ३००, ३५०, ४०० आणि ४५० या प्रत्येक टप्प्याला एक गुण, आणि गोलंदाजीत ३, ६ आणि ९ विकेटांना एकेक. त्यामुळे विजेतेपद पुष्कळदा शेवटच्या विकेटवर नाही, पहिल्या डावातल्या एका साध्या एकेरी धावेवर ठरतं. गणित इतकं जवळ आलं की मैदानातला एकूण एक माणूस फलंदाजाकडे कमी आणि धावफलकाकडे जास्त बघतो, २९८ चे २९९ झाले तरी टाळ्या पडतात. २०१० मध्येही असंच झालं होतं. ओल्ड ट्रॅफर्डवर पावसाने धुऊन काढलेल्या सामन्यात नॉटिंगहॅमशायरने बोनस गुण वेचले, सॉमरसेटशी गुण सारखे झाले आणि जास्त सामने जिंकल्यामुळे विजेतेपद इकडे आलं. सॉमरसेटने आजवर एकदाही ही स्पर्धा जिंकलेली नाही. ग्लॉस्टरशायर आणि नॉर्थम्प्टनशायर हे त्या यादीतले बाकीचे दोघे.

कर्णधार हसीब हमीद. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला राजकोटला पाहिलंय, नोव्हेंबर २०१६ मध्ये. १९ वर्षांचा पोरगा, पहिलीच कसोटी, दुसऱ्या डावात ८२. मग मोहालीत बोट मोडलेलं असताना आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ५९. इंग्लंडला पुढच्या दहा वर्षांचा सलामीवीर मिळाला असं सगळे म्हणत होते. त्यानंतर धावा आटल्या, २०१९ मध्ये लँकेशायरने त्याला सोडून दिलं आणि तो इथे नॉटिंगहॅमला आला. इंग्लंडकडून पुन्हा संधी मिळाली, २०२१-२२ च्या ॲशेसनंतर पुन्हा वगळला. यंदा त्याने हजाराच्या वर धावा केल्या आणि करंडक उचलला. एप्रिलच्या थंडीत नवा चेंडू सोडून देत, पायचीत होणार नाही इतकंच पाऊल पुढे टाकत तो तासन् तास खेळतो. ते बघणं मला कुठल्याही षटकाराइतकं आवडतं.

प्रशिक्षक पीटर मूर्स यांच्याबद्दलही लिहायलाच हवं. २००३ मध्ये ससेक्सला त्यांनी इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, २०११ मध्ये लँकेशायरला १९३४ नंतरचं पहिलं निर्भेळ विजेतेपद, आणि आता नॉटिंगहॅमशायर. तीन वेगवेगळ्या काउंट्यांना चॅम्पियन करणारा दुसरा प्रशिक्षक नाही. इंग्लंडच्या संघाने याच माणसाला दोनदा नेमून दोनदा काढलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. काउंटी क्रिकेट मरायला टेकलंय असं मी इथे आल्यापासून ऐकतोय. खेळ बघितला तर तसं अजिबात वाटत नाही. यंदा विजेतेपदाचा आणि घसरणीचा (म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार याचा), दोन्ही निकाल शेवटच्या फेरीत लागले. दुखणं आहे ते वेळापत्रकात. १४ फेऱ्यांपैकी निम्म्या मे महिन्याअखेर उरकल्या. जून-जुलैत तुटक तुटक चार. सप्टेंबरात तीन. आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे ऊन असतं, शाळांना सुट्ट्या असतात, खेळपट्टी कोरडी होऊन चेंडू वळायला लागतो त्या महिन्यात, पहिल्या तारखेनंतर चॅम्पियनशिपचा एकही चेंडू पडला नाही. तो महिना द हंड्रेडला, म्हणजे शंभर चेंडूंच्या डावांच्या स्पर्धेला, दिलेला आहे.

इंग्लंडला फिरकी गोलंदाज का मिळत नाहीत यावर दरवर्षी अग्रलेख येतात. एप्रिलमध्ये स्वेटरवर स्वेटर घालून, हिरव्या खेळपट्टीवर फिरकी टाकायला कोणता कर्णधार चेंडू देईल? शोएब बशीर इंग्लंडकडून खेळतो, पण सॉमरसेटमध्ये जॅक लीच असल्यामुळे त्याला स्वतःच्या काउंटीत जागा मिळत नव्हती, दुसऱ्या काउंटीकडे उसना जावं लागलं.

तुम्हाला काय वाटतं? १८ काउंट्या, १४ सामने, दोन डिव्हिजन हे टिकावं का?

---

स्लिपमधला
२९ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४२

छान धागा, ट्रेंटकाठ. मी पुण्यातून बघतो. सप्टेंबरमध्ये तिकडे साडेदहाला सामना सुरू होतो म्हणजे इकडे दुपारचे तीन. बहुतेक काउंट्या यूट्यूबवर थेट प्रक्षेपण फुकट दाखवतात आणि त्यावर बीबीसीच्या स्थानिक रेडिओचं समालोचन असतं. एका कानात ते लावून मी कामं उरकतो. समालोचक ओरडत नाहीत. विकेट पडली तरी आधी गोलंदाजाचं नाव, मग झेल कुणी घेतला, मग धावसंख्या. मधेच कुणीतरी केक पाठवला म्हणून आभार मानतात. मला तर ही सवयच लागलीये.

एक सल आहे. आपला ऋतुराज यॉर्कशायरकडून खेळणार होता. २२ जुलैला स्कारबरोला सरेविरुद्ध पहिला सामना, समुद्रकाठचं ते मैदान, तुडुंब गर्दी, सगळं मनात रंगवून ठेवलं होतं. सामन्याच्या तोंडावर वैयक्तिक कारणाने त्याने नाव मागे घेतलं. कारण त्याचं त्याला माहीत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये, हलणाऱ्या चेंडूवर, ऑफस्टंपच्या बाहेर तो कसा खेळतो हे बघायची फार इच्छा होती. शार्दुलचंही तसंच. एसेक्सने त्याला हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांसाठी घेतलं होतं, तेवढ्यात आयपीएलमध्ये बदली खेळाडू म्हणून बोलावणं आलं आणि ते राहूनच गेलं. पालघरच्या या माणसाच्या गोलंदाजीला चेम्सफर्डची हवा मानवली असती असं मला अजूनही वाटतं.

जे गेले त्यांनी मात्र नाव काढलं. इशान किशनने तुमच्याच ट्रेंट ब्रिजवर पहिल्या सामन्यात यॉर्कशायरविरुद्ध ८७ केल्या. तिलक वर्माने हॅम्पशायरकडून पदार्पणातच एसेक्सविरुद्ध शतक ठोकलं. आणि शेवटच्या फेरीत राहुल चहरने सरेकडून पहिल्याच सामन्यात हॅम्पशायरच्या दुसऱ्या डावात ५१ धावांत ८ विकेट घेतल्या. लेगस्पिनरने, सप्टेंबरअखेर, इंग्लंडमध्ये. तुमच्या फिरकीच्या मुद्द्याला त्याने थोडा छेद दिला म्हणायचं.

---

बेलग्रेव्हकर
३० सप्टेंबर २०२५, पहाटे १२:३५

सगळे नॉटिंगहॅमचं कौतुक करतायत, करा. पण यंदाची खरी गोष्ट लेस्टरशायरची आहे आणि ती मी सांगणार.

दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद. २००३ मध्ये घसरण झाली तेव्हापासून हा संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये नव्हता. मधली काही वर्षं अशी होती की ग्रेस रोडवर, म्हणजे आमच्या मैदानावर, जायला मन व्हायचं नाही. २०१३ आणि २०१४ या दोन अख्ख्या हंगामांत चॅम्पियनशिपचा एकही सामना जिंकला नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत उघड लिहून यायचं की या काउंटीची गरजच काय, बंद करा किंवा शेजारच्या काउंटीत विलीन करा. हीच काउंटी १९९६ आणि १९९८ मध्ये चॅम्पियन होती हे लिहिणारे विसरून गेले होते.

२०२३ मध्ये एकदिवसीय करंडक आणला. अंतिम सामन्यात हॅम्पशायरला हरवून. गेल्या वर्षी आपला अजिंक्य रहाणे आला. त्याचा तो शांत, सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन सराव करणारा स्वभाव इथल्या लोकांना भावला, कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध शतकही केलं. आणि यंदा रेहान अहमद. डर्बीशायरविरुद्ध एकाच सामन्यात शतक आणि १३ विकेट! २१ वर्षांचा, इथल्याच मुशीतून तयार झालेला मुलगा.

हिशेबनीस आत्ता येऊन १८ काउंट्या कशा परवडत नाहीत ते सांगतीलच. त्यांना मी आधीच सांगून ठेवतो, २०१४ साली तुमचं ऐकलं असतं तर आज रेहान कुठे खेळला असता?

वर येणारा दुसरा संघ ग्लॅमॉर्गन, तेही २००५ पासून खालीच होते.

---

हिशेबनीस
३० सप्टेंबर २०२५, सकाळी ८:०५

काका, नाव घेतलंत म्हणून आलोच :) लेस्टरचं मनापासून अभिनंदन. रेहानचा मुद्दा मान्य आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण पैशाचं चित्र नीट मांडू या, कारण पुढची सगळी वर्षं त्यावर ठरणार आहेत.

यंदा इंग्लंडच्या मंडळाने द हंड्रेडच्या आठही संघांमधला प्रत्येकी ४९% हिस्सा विकला. उरलेला ५१% ज्या त्या मैदानाच्या यजमानाकडे, म्हणजे सात काउंट्या आणि लॉर्ड्सचा एमसीसी क्लब, ठेवायचा किंवा विकायचा. आठ संघांचं एकत्रित मूल्यांकन ९७ कोटी पौंडांच्या वर गेलं, हातात आले सुमारे ५२ कोटी पौंड. ओव्हलच्या संघात मुंबई इंडियन्सचे मालक आले, मँचेस्टरमध्ये लखनौचे, आणि लीड्सचा संघ सनरायझर्स हैदराबादचे मालक असलेल्या सन समूहाने पूर्णच घेतला, कारण यॉर्कशायरने स्वतःचा ५१% हिस्साही विकून टाकला. त्यांच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं, ते फेडायला दुसरा मार्ग नव्हता.

या रकमेतले १०% तळागाळाच्या क्रिकेटला, बाकीचे १८ काउंट्या आणि एमसीसीत वाटले जाणार. ज्यांच्याकडे हंड्रेडचा संघ नाही अशा छोट्या काउंट्यांना जरा जास्त वाटा, प्रत्येकी दोन कोटी पौंडांहून अधिक. लेस्टर, डर्बी, नॉर्थम्प्टन यांनी आजवर एवढी रक्कम एकगठ्ठा कधी पाहिलेली नाही.

आता प्रश्न असा की हे पैसे एकदाच येणार आहेत. कर्ज फेडलं, स्टँडचं छप्पर बदललं, दिवे लावले, चार परदेशी खेळाडू आणले की संपले. पाच वर्षांनी पुन्हा हात पसरायची वेळ आली तर तेव्हा विकायला काय उरलं असेल? म्हणून माझं म्हणणं असं की आत्ताच, हातात पैसे असताना, रचना बदलायला हवी होती. चॅम्पियनशिप १२ सामन्यांवर आणायची संधी या महिन्यातच आली होती. खेळाडूंच्या संघटनेलाही सामने कमी हवे होते. बदलासाठी १८ पैकी १२ मतं लागत होती, ती मिळाली नाहीत आणि १४ सामने कायम राहिले. काउंट्यांच्या टी-ट्वेंटी ब्लास्ट स्पर्धेत मात्र गटातले सामने पुढच्या वर्षीपासून १४ वरून १२ केलेत, तो निर्णय योग्यच आहे.

पहिल्या डिव्हिजनमध्ये १० संघ आणि १४ सामने, म्हणजे प्रत्येक संघ पाच प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा खेळतो आणि चौघांशी एकदाच. कुणाच्या वाट्याला कोण दोनदा येतं यावर विजेतेपद आणि घसरण ठरू शकते. याला न्याय्य स्पर्धा म्हणायचं का?

---

चौकस
३० सप्टेंबर २०२५, सकाळी १०:५०

खूप माहिती मिळतेय, धन्यवाद. दोन शंका. डरहॅम म्हणजे बेन स्टोक्सचा संघ ना? तो कसा काय खाली गेला? आणि यंदा कुकाबुरा चेंडूवरून काय वाद झाला होता?

---

ट्रेंटकाठ
३० सप्टेंबर २०२५, दुपारी १२:२०

चौकस,

हो, स्टोक्स डरहॅमचाच, पण यंदा तो त्यांच्याकडून चॅम्पियनशिपचा एकही सामना खेळला नाही. इंग्लंडच्या मोठ्या खेळाडूंचं असंच असतं, करार मंडळाशी, काउंटीकडे येणं क्वचित. शेवटच्या फेरीत डरहॅम हेडिंग्लेवर यॉर्कशायरकडून हरलं आणि हॅम्पशायर सरेकडून हरूनही वाचलं. डरहॅमबरोबर खाली गेलं वुस्टरशायर. या वुस्टरशायरने याच महिन्यात एकदिवसीय करंडक जिंकला होता, तोही शेवटच्या चेंडूवर.

डरहॅमचं मला वाईट वाटतं. २०१६ मध्ये ते पहिल्या डिव्हिजनमध्ये चौथे आले होते. पण आर्थिक अडचणीमुळे मंडळाची मदत घ्यावी लागली, तिची शिक्षा म्हणून त्यांना खाली ढकललं आणि पुढच्या हंगामाची सुरुवात उणे ४८ गुणांनी करायला लावली. त्या वर्षी घसरणार होतं हॅम्पशायर, डरहॅमला शिक्षा झाल्यामुळे ते वाचलं. आणि यंदा पुन्हा याच दोघांमध्ये एक राहिला, एक गेला. यावेळी मैदानावरच्या निकालाने गेले, त्यामुळे तक्रार नाही. पण २०१६ चा तो निर्णय मला आजही अन्याय वाटतो. स्टोक्स, मार्क वुड यांच्यासारखे खेळाडू ज्यांनी घडवले त्या काउंटीला पैसे संपले म्हणून अशी वागणूक द्यायची नसते.

कुकाबुराबद्दल: इंग्लंडमध्ये ड्यूक्स चेंडू वापरतात. त्याची शिवण उठावदार असते, चेंडू दिवसभर हलतो, आणि ताशी १२० किलोमीटरने टाकणारा मध्यमगती गोलंदाजही इथे ढिगाने विकेट घेतो. ऑस्ट्रेलियात तो चालत नाही, म्हणून काही फेऱ्यांत तिकडचा कुकाबुरा वापरायचा प्रयोग सुरू केला. शिवण लवकर बसते, चेंडू मऊ पडतो, मग वेग किंवा फिरकी असेल तरच विकेट मिळते असा त्यामागचा विचार. यंदा चार फेऱ्या कुकाबुराने झाल्या. त्यातल्या एका सामन्यात ओव्हलवर सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० वर डाव घोषित केला, डॉम सिबली ३०५. सरेच्या इतिहासातली सर्वोच्च धावसंख्या. डरहॅमच्या गोलंदाजांनी जवळजवळ दोन दिवस काय भोगलं असेल याचा विचार करा.

माझ्या मते विचार बरोबर होता, पण मुळात खेळपट्टी आणि महिना तेच ठेवून नुसता चेंडू बदलला तर चार दिवस नुसत्या धावांचे डोंगर उभे राहतात. फिरकी हवी तर ऊन हवं. ऊन कधी असतं ते मी वर लिहिलंय.

---

शिवाजीपार्क
३० सप्टेंबर २०२५, संध्या. ६:१५

मुंबईतून लिहितोय. आमच्याकडे रणजी आता दोन टप्प्यांत होते, मधे टी-ट्वेंटी आणि वनडे स्पर्धा. त्यामुळे वेळापत्रकाचं रडगाणं फक्त तुमचं आहे असं समजू नका. फरक एवढाच की रणजीत ३८ संघ आहेत आणि १८ परवडत नाहीत म्हणून कुणी गळा काढत नाही, कारण मंडळाकडे पैसा आहे. विदर्भाने तीनदा रणजी जिंकून दाखवली. विदर्भाला एकेकाळी कोण विचारत होतं? हिशेबनीसांच्या निकषाने तो संघही केव्हाच बाद झाला असता.

काउंटीचं ऋण आपल्या क्रिकेटवर मोठं आहे आणि नवीन पिढीला ते माहीत नाही. फारुख इंजिनिअर १९६८ पासून लँकेशायरकडून खेळले. यंदाच्या जुलैमध्ये कसोटीच्या वेळी ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडला त्यांचं आणि क्लाइव्ह लॉइडचं नाव दिलं. मुंबईच्या माणसाचं नाव मँचेस्टरच्या स्टँडवर! सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटला, रवी शास्त्री ग्लॅमॉर्गनला. १९९२ मध्ये यॉर्कशायरने आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिनला घेतलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याआधी त्या काउंटीत यॉर्कशायरबाहेर जन्मलेल्यांनासुद्धा मज्जाव असे.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा झाला तो झहीर खानला. २००६ मध्ये तो भारतीय संघाबाहेर होता. श्रीरामपूरचा हा गडी वुस्टरला गेला, एका हंगामात ७८ विकेट घेतल्या, एसेक्सविरुद्ध एका डावात ९. धावत येण्याचं अंतर कमी केलं, जुन्या चेंडूवर काम केलं, दिवसाला २०-२५ ओव्हर टाकायची सवय झाली. परत आला तो वेगळाच गोलंदाज होता. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने ९ विकेट घेऊन आपल्याला कसोटी जिंकून दिली, ती मालिकाही आपण जिंकली. ते सगळं वुस्टरच्या त्या हंगामात पेरलं होतं. आता कोणता भारतीय वेगवान गोलंदाज असा पूर्ण हंगाम खेळेल? दोन सामने, तीन सामने आणि परत. त्यातून शिकायला काय मिळणार?

---

जुईली
३० सप्टेंबर २०२५, रात्री ८:३०

इतकी चर्चा झाली आणि महिला क्रिकेटचा उल्लेखच नाही? काउंटी क्रिकेटमध्ये यंदा झालेला सगळ्यात मोठा बदल तोच आहे. आधीचे प्रादेशिक संघ मोडून व्यावसायिक महिला संघ थेट काउंट्यांकडे आले. पहिल्या स्तरावर आठ: डरहॅम, एसेक्स, हॅम्पशायर, लँकेशायर, नॉटिंगहॅमशायर, सॉमरसेट, सरे, वॉरिकशायर. पुढच्या वर्षी यॉर्कशायर, २०२७ मध्ये ग्लॅमॉर्गन.

मी मँचेस्टरजवळ राहते. आमच्या मुलींनी, म्हणजे लँकेशायरने, या महिन्यात एकदिवसीय करंडक जिंकला. माझी लेक शाळेच्या संघात खेळते. तिच्यासाठी गेल्या वर्षीपर्यंत 'थंडर' नावाचा एक संघ होता. आता छातीवर लाल गुलाब असलेला तोच शर्ट, जो पुरुष घालतात. तिला ते फार महत्त्वाचं वाटतं, आणि मलाही.

हिशेबनीस, १८ काउंट्या जास्त आहेत म्हणताना हेही लक्षात घ्या की मुलींचा मार्ग आता याच काउंट्यांमधून जातो. एखादी काउंटी बंद म्हणजे तिथल्या मुलींचंही दार बंद.

---

हिशेबनीस
३० सप्टेंबर २०२५, रात्री १०:०२

जुईली, पटलं. काउंटी बंद करा असं मी म्हणत नाहीये, आणि शिवाजीपार्क यांनाही तेच सांगायचंय. सगळ्या १८ राहू देत. सामने कमी करा, म्हणजे चॅम्पियनशिपला चांगला काळ मिळेल, एवढंच माझं मागणं आहे. १४ सामने बसवायचे म्हणून तर ते एप्रिलमध्ये कोंबावे लागतात. दहा-बारा असते तर मे ते सप्टेंबर नीट पसरता आले असते.

---

ट्रेंटकाठ
१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:४५

हिशेबनीस, इथेच आपलं जमत नाही. सामने कमी केले की रिकामा झालेला आठवडा चॅम्पियनशिपला परत मिळेल असं तुम्ही धरून चालताय. आजवरचा अनुभव उलटा आहे. १६ चे १४ झाले २०१७ मध्ये, तेव्हा मोकळी झालेली जागा उन्हाळ्याच्या मध्यात मिळाली का? एप्रिल तसाच राहिला आणि चार वर्षांत हंड्रेड आलं. १४ चे १२ केले तर ते दोन आठवडेही पांढऱ्या चेंडूकडेच जातील. सभासद या मतदानाच्या वेळी १४ साठी अडून बसले ते याच भीतीने. बहुतेक काउंट्या आजही सभासदांच्या मालकीच्या आहेत, वर्गणी भरणाऱ्या सामान्य माणसाला मत आहे. हॅम्पशायर गेल्या वर्षी भारतातल्या जीएमआर समूहाने घेतलं, परदेशी मालकीची ती पहिली काउंटी. तिथे असं मतदान सभासदांच्या हातात नाही. म्हणून मला सभासदांचा हा अडेलपणा जपण्यासारखा वाटतो.

माझी मागणी साधी आहे. हंड्रेड चालू असतानाच ऑगस्टमध्ये चॅम्पियनशिपच्या दोन फेऱ्या ठेवा. प्रत्येक संघाचे चार-सहा खेळाडू हंड्रेडला गेलेले असतील, जाऊ देत. त्यांच्या जागी १९ वर्षांची पोरं खेळतील. सध्या त्या महिन्यात एकदिवसीय करंडक असतो आणि त्यात हेच घडतं, आणि त्या सामन्यांना छोट्या मैदानांवर चांगली गर्दी होते. मोठी मैदानं हंड्रेडने अडवलेली असतात, मग स्कारबरो, चेल्टनहॅम, चेस्टरफील्ड, अरंडेल आहेतच की. तंबूत चहा, कुंपणाला लागून खुर्च्या, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक मुलांना सह्या देतोय. सुट्टी असलेल्या पोराला घेऊन बापाने चार दिवसांतला एक दिवस तरी तिथे काढावा. आज शाळकरी मुलाला चॅम्पियनशिपचा सामना बघायचा असेल तर एकतर शाळा बुडवावी लागते किंवा थंडीत कुडकुडावं लागतं.

दर्जा घसरेल हा आक्षेप येणार. एप्रिलमध्ये आयपीएलमुळे आणि जूनमध्ये कसोट्यांमुळे खेळाडू जातातच, तेव्हा दर्जाची चिंता कुणी करत नाही. आमचा यष्टिरक्षक काइल व्हेरेन जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाबरोबर होता, लॉर्ड्सला कसोटी अजिंक्यपदाची विजयी धाव त्यानेच काढली. तो इथे नव्हता, म्हणून तर इशान किशन आला. संघ त्यामुळे दुबळा झाला नाही, आम्हाला एक नवा खेळाडू बघायला मिळाला.

---

बेलग्रेव्हकर
१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:३०

ऑगस्टच्या मागणीला माझं अनुमोदन. अजून एक घाला, त्या फेऱ्यांना १६ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट.

आणि ट्रेंटकाठ, पुढच्या हंगामात लेस्टर आणि नॉटिंगहॅम एकाच डिव्हिजनमध्ये आहेत. अर्ध्या तासाच्या रेल्वेचं अंतर. सामने जाहीर झाले की इथेच तारीख टाकतो. ग्रेस रोडला या, धाग्यावरचे जेवढे जमतील तेवढे मिळून बसू. डबा माझ्याकडून. हमीदची विकेट रेहान घेणार, हे आत्ताच लिहून ठेवतो.

---

ट्रेंटकाठ
१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:५५

येणार. पण रेहान इंग्लंडच्या संघात नसेल आणि सामना एप्रिलमध्ये नसेल तरच त्याच्या हाती चेंडू लागेल, काका. तारखा आल्या की लगेच टाका, मी सुट्टीचा अर्ज तयार ठेवतो.